पहिल्या करारावर सही करण्याआधी

पैसे घेऊन गाणं केलं म्हणजे आपण विकले गेलो, हे आधी डोक्यातून काढ. जिंगल कर, दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजव. हात तयार होतो. सध्या एवढंच बघ:

- मास्टरचे, म्हणजे तयार रेकॉर्डिंगचे, हक्क वेगळे, चाल-शब्दांचे वेगळे. कोणते, किती वर्षांसाठी देतोयस ते लेखी घे. 'सर्व हक्क कायमचे' दिसलं की थांब. नवखे इथेच फसतात.
- क्लायंटच्या कामात त्याचं ऐक. फुकट दुरुस्त्या किती, ते आधीच ठरव.

स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्यावरच प्ले मोजला जातो, म्हणून सगळे सुरुवातीचं संगीत छाटत सुटलेत. तुझ्या गाण्याला ते हवं असेल तर ठेव. नुसतंच रेंगाळत असेल तर मात्र काप, उगाच तत्त्वाचा मुद्दा करू नकोस. रॉयल्टीचं गणित नंतर बघू, आधी हातातली गाणी पूर्ण कर.