‘लहान आहे, विसरून जाईल’

गेल्या काही महिन्यांतली पत्रं वाचताना एक वाक्य इतक्यांदा भेटलं की शेवटी मी मोजणं सोडून दिलं: ‘मूल लहान आहे, विसरून जाईल.’ कधी ते आजी म्हणते, कधी वडील, आणि वाईट याचं वाटतं की काही वेळा डॉक्टरही म्हणतात. त्या एका वाक्यापायी मुलांचे महिने आणि वर्षं वाया जातात. म्हणून या वेळी मुलांच्या मनावरच्या आघातांविषयीचेच प्रश्न घेतले आहेत. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : सहा दिवसांपूर्वी आमच्या गाडीला अपघात झाला. नऊ वर्षांच्या मुलीला फक्त खरचटलं. पण ती रात्री दचकून उठते, अंथरूण ओलं करते. माझ्या झोपेच्या गोळ्यांमधली अर्धी तिला दिली तर चालेल का?

नाही. पावसुद्धा नाही. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासासाठी बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या, म्हणजे झोपेसाठी सर्रास घेतल्या जातात त्याच, मुलांना आणि मोठ्यांनाही देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली स्पष्ट सांगितलं आहे. सहाव्या दिवशी दचकणं हा आजार नव्हे. काही दिवस तिच्याजवळ झोपा, मंद दिवा राहू द्या, जेवणाच्या-झोपेच्या वेळा बदलू नका. चादर ओली झाली तर न बोलता बदला. बहुतेक मुलांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही कमी झाला नाही, किंवा त्याआधीच तिचं खाणं-बोलणं सुटलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि अपघातात डोक्याला मार लागला होता का, हे डॉक्टरांनी तपासलं नसेल तर आजच तपासून घ्या.

प्रश्न : इंटरनेटवर बालपणातल्या वाईट अनुभवांची दहा प्रश्नांची चाचणी दिली. माझे सहा गुण आले. सहा किंवा जास्त गुण असलेली माणसं वीस वर्षं आधी मरतात असंही तिथे लिहिलं होतं. मी ३४ वर्षांची आहे. रात्रभर झोप लागली नाही.

तुमची झोप उडवणाऱ्यांचा मला राग येतो. ही चाचणी विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांच्या पाहणीतून आली. अमेरिकेत सॅन दिएगो इथे १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं गेलं, आणि १९९८ साली पहिले निष्कर्ष आले. मार, शिवीगाळ, लैंगिक अत्याचार, आबाळ, घरातलं व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितकं पुढे नैराश्य, व्यसनं, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त. पाहणी मोलाची आहे, पण ती समूहाबद्दल बोलते. वीस वर्षांचा तो आकडा २००९ सालच्या एका लेखातला आहे. पाहणीच्या काळात जे मरण पावले त्यांच्या सरासरी वयाचा तो हिशेब. तुम्ही किती जगणार, याचं उत्तर त्यात नाही. एकेका माणसाचं भविष्य या गुणांवरून ठरवू नका, असं खुद्द आंडा यांनीच सहकाऱ्यांसह २०२० साली लिहिलं.

एकदा घडलेली गोष्ट आणि दहा वर्षं रोज घडलेली गोष्ट, दोन्हींना चाचणी एकच गुण देते. तेव्हा तुमच्या बाजूने कोण उभं होतं, हे ती विचारतच नाही. चाचणीच्या पानाखाली एखादा ‘मनःशुद्धी’चा कोर्स विकायला ठेवलेला असेल, तर तो विकत घेऊ नका, आधी घाबरवायचं आणि मग औषध विकायचं, हा जुना धंदा आहे. त्या दहा प्रश्नांनी काही जुनं वर आलं असेल, तर ते घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. गुणपत्रिका न्यायची गरज नाही.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे वडील कोसळले, हृदयविकाराने गेले. चार महिने झाले. ‘बाबा कामासाठी लांब गेलेत’ असं त्याला सांगितलं आहे. तो त्यांचं नाव काढत नाही. दिवसभर बाहुला उभा करतो, पाडतो, पुन्हा उभा करतो. सासूबाई म्हणतात, लहान आहे, विसरलाय, उकरून काढू नका.

तो विसरलेला नाही. बाहुला रोज पडतो आहे; साडेतीन वर्षांचं मूल याहून स्पष्ट काय सांगणार?

हा प्रश्न सविस्तर घेतो, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे येतो. मेंदूत भीतीची नोंद ठेवणारा भाग, अमिग्डाला, जन्मापासून कामाला लागलेला असतो. घटना क्रमाने साठवून ‘अमुक दिवशी असं झालं’ म्हणून पुढे आठवून देणारा हिप्पोकॅम्पस तयार व्हायला वर्षं लागतात. त्यामुळे या वयात घटना पुसट होते, पण धसका राहतो. पुढे दार जोरात आपटलं, कोणी धपकन खाली बसलं की मूल थरथरतं, आणि का ते त्याला सांगता येत नाही. ‘त्याला काय कळतंय’ म्हणणाऱ्यांनी एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेला प्रयोग आठवावा. आईने बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा फक्त निर्विकार ठेवायचा. अवघ्या काही महिन्यांची बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला परत बोलावू पाहतात. ती बधत नाही असं दिसलं की तोंड फिरवतात, रडकुंडीला येतात. इतक्या लहान बाळाला एवढं कळतं. तुमच्या मुलाने तर बाप पडताना पाहिला आहे.

आघातानंतरच्या मनोविकाराचे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचे निकष २०१३ पासून अमेरिकी वर्गीकरणात वेगळे दिलेले आहेत. तोच तो प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा येणं, हे त्यातलं एक लक्षण. त्याचा खेळ नीट बघा. खेळात बदल होतो का? बाहुला कधी उठतो का, कोणी त्याला मदत करायला येतं का? तसं होत असेल तर मूल स्वतःच वाट काढू पाहतं आहे. खेळात हसू नाही, शेवट नाही, रोज तेच, असं असेल तर ते अडकलं आहे.

आता ‘लांब गेलेत’ या सांगण्याबद्दल. तुम्ही ते प्रेमापोटी केलंत, हे मला दिसतं. पण आपल्याला न सांगता बाबा गेले, इतके दिवस आले नाहीत, याचं कारण तो शोधणार. आणि या वयात मुलं कारण स्वतःत शोधतात. ‘मी हट्ट केला म्हणून गेले.’ उद्या तुम्ही कामाला निघालात तर तुमचाही भरवसा त्याला वाटणार नाही. त्याला खरं सांगा, छोट्या वाक्यांत: ‘बाबा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. ते आता परत येऊ शकत नाहीत. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही. मी तुझ्याजवळ आहे.’ ‘झोपले’ म्हणू नका, तो झोपायला घाबरेल. नुसतं ‘देवाघरी गेले’ म्हणून थांबू नका. या वयाला घर म्हणजे जिथून माणूस परत येतो ती जागा. तो हेच दहा वेळा विचारेल, दहा वेळा तेच सांगा. सांगताना तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांचा मुलगा गेला आहे. ‘उकरून काढू नका’ हे त्या स्वतःसाठीही म्हणत असतील.

आणि आता थांबू नका. रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा बुखारेस्टमध्ये २००० सालाच्या सुमारास सुरू झालेला अभ्यास मी पालकांना नेहमी सांगतो. त्यांतल्या निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवलं. ज्यांना दोन वर्षांच्या आत घर मिळालं, त्यांचं माणसांशी नातं जुळणं आणि बुद्धीची वाढ उशिरा गेलेल्यांपेक्षा चांगली झाली. तुमच्या मुलाला घर आहे, तुम्ही आहात. त्याची परिस्थिती कितीतरी बरी आहे. पण वेळेची किंमत तीच. या आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. इतक्या लहान वयात आई आणि मूल दोघांना एकत्र बसवूनच उपचार करतात. तुमच्या स्वतःच्या दुःखासाठीही तिथेच बोला. चार महिने तुम्ही ते बाजूला ठेवलं असणार.

प्रश्न : आम्ही मार खाऊनच मोठे झालो. थोडा मार मिळाला तर मुलं कणखर होतात ना?

नाही. तुम्ही मार खाऊनही मोठे झालात. त्याचं श्रेय माराला देऊ नका.

प्रश्न : मैत्रीण बुडून गेल्यापासून ११ वर्षांची मुलगी पाण्याला घाबरते. तीन दिवसांत भीती घालवणाऱ्या शिबिराची जाहिरात पाहिली. मुलांना थेट पाण्यात उतरवतात, शेवटी प्रमाणपत्र देतात. पाठवू का?

पाठवू नका. भीतीला हळूहळू सामोरं जाणं हा खरा उपचार आहे; पण तो प्रशिक्षित माणूस करतो, मुलीच्या संमतीने, पायरीपायरीने. घाबरलेल्या मुलीला पाण्यात ढकलणं हा दुसरा आघात. शिवाय तिची मैत्रीण गेली आहे. पाण्याचं नंतर बघू, आधी त्या दुःखाबद्दल तिच्याशी कोणी बोललं आहे का?

मनाची उभारी तीन दिवसांत येत नाही. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईतल्या कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे मानसिक आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी जवळपास एकतृतीयांश मुलं सक्षम, माणसं जोडणारी झाली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली: त्यांना जसंच्या तसं स्वीकारणारं निदान एक मोठं माणूस. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कोणीही. शिबिराच्या पैशांत तज्ज्ञांची भेट होईल. आणि रोजचा अर्धा तास तिला तुमचा द्या.

प्रश्न : पुरानंतर आमच्या वस्तीत मुलांसाठी काम करतो. तज्ज्ञ कोणी नाही. सगळ्या मुलांना एकत्र बसवून एकेकाला काय पाहिलं ते सांगायला लावावं, मन मोकळं होतं, असं एका वक्त्याने सुचवलं.

कृपा करून करू नका. बोलायला तयार नसलेल्याकडून एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने आघाताचे विकार टळतात, असं संशोधनात दिसलेलं नाही. काही जणांना उलट त्रास वाढलेला दिसला. दहा मुलांनी दहा भयंकर गोष्टी ऐकायच्या, आणि मग घरी एकट्याने झोपायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत तीन कामं सांगितली आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहा. जो आपणहून बोलेल त्याचं ऐका. आणि त्याला त्याच्या माणसांशी, मदतीशी जोडून द्या. मुलांसाठी खेळाची ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ सुरू करा, शाळा लवकर उघडेल असं बघा. हे लहान काम नाही.

तज्ज्ञ नाहीत म्हणून हात बांधले गेले असं समजू नका. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं. त्या लोकांचं ऐकून घेत, एकेक अडचण सोडवायला मदत करत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नैराश्याची लक्षणं त्यामुळे बरीच कमी झालेली दिसली. मात्र ते मोठ्या माणसांसाठी होतं, आणि आज्यांवर प्रशिक्षित लोकांची देखरेख होती. तुम्हालाही आठवड्यातून एकदा फोनवर सल्ला देणारा कोणी तज्ज्ञ हवाच. महिन्यानंतरही जी मुलं सावरत नाहीत, त्यांची नावं त्यांच्याकडे द्या.

प्रश्न : मला बालपणातलं फारसं आठवत नाही. संमोहनाने दडलेला आघात शोधून देतो, असं एक जण म्हणतो.

जाऊ नका. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी दाखवून दिलं की न घडलेली आठवणही माणसाच्या मनात रुजवता येते. ‘लहानपणी तू बाजारात हरवला होतास’ असं घरच्यांच्या नावाने सांगितल्यावर २४ पैकी ६ जणांना ते पूर्णतः किंवा अंशतः आठवू लागलं. फारसं न आठवणं हा पुरावा नव्हे. आज काही त्रास असेल, तर त्यासाठी तज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : मी शिक्षक आहे. १४ वर्षांच्या विद्यार्थ्याने नातेवाईक लैंगिक अत्याचार करतो असं सांगितलं आणि कोणाला सांगू नका अशी गळ घातली. खात्री करून मगच पुढे जावं का?

या पत्राचं उत्तर अंकाची वाट न पाहता त्याच दिवशी फोनवर दिलं आहे. इथे छापतो ते इतर शिक्षकांसाठी. खात्री करणं तुमचं काम नाही. त्याला पुन्हा पुन्हा विचारू नका; त्याने सांगितलं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. त्या नातेवाइकाला जाब विचारायला जाऊ नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, तुझी चूक नाही, तुला सुरक्षित ठेवू शकतील अशाच माणसांना मी सांगणार आहे’ असं म्हणा. त्यानंतर त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला किंवा पोलिसांना कळवा आणि वैद्यकीय तपासणी होईल असं बघा. सोमवारी बघू, परीक्षा संपली की बघू, असं करू नका. आज रात्री तो कोणाच्या घरी झोपणार आहे, हे आधी विचारा.