मॉस्कोहून एका दिवसात एखादं शांत रशियन गाव बघून परत येता येईल का?

तुम्ही विचारलंय की मॉस्कोत एक दिवस मोकळा आहे, आई-वडील बरोबर आहेत, दोघं शाकाहारी, रशियन कोणालाच येत नाही. अशात जवळचं एखादं छोटं गाव बघून रात्री परत येता येईल का. येता येईल, पण तसं करू नका. तोरझोकला जा आणि एक रात्र राहा. दुसरा दिवस निघत नसेल तर मॉस्कोतला एखादा राजवाडा गाळा, हरकत नाही.

गावाचं नाव मुद्दाम सांगतोय. नुसतं ‘मॉस्कोजवळचं गाव’ म्हटलं की सगळे सूझ्दलला जातात, तिथे ओळीनं उभ्या बस बघतात आणि परत येऊन सांगतात की रशियन गावं म्हणजे आठवणवस्तूंची दुकानं. तोरझोक त्वेर प्रांतात आहे, त्वेर्त्सा नदीच्या दोन्ही काठांवर. मॉस्को ते पीटर्सबर्ग या जुन्या घोडागाडीच्या रस्त्यावरचं हे मुक्कामाचं ठिकाण होतं. त्यामुळे इथे सराया, व्यापाऱ्यांची दुमजली घरं आणि भरपूर चर्चेस उभी राहिली. १८५१ मध्ये मॉस्को-पीटर्सबर्ग रेल्वे सुरू झाली ती तोरझोकला बाजूला ठेवून. रस्त्यावरची वर्दळ आटली, नवं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुनं पाडलंही गेलं नाही. आज जी शांतता दिसते तिचं मूळ तिथे आहे. काही घरांचे पोपडे निघालेत, काहींच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. सगळं रंगवून ठेवलेलं गाव हवं असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

आता जायचं कसं. मॉस्कोच्या लेनिनग्राद्स्की स्टेशनवरून आधी त्वेर हे प्रांताचं मुख्य शहर गाठा. साप्सान ही वेगवान गाडी साधारण तासाभरात पोचवते, लास्तोच्का पावणेदोन-दोन तास घेते आणि बरीच स्वस्त पडते. आई-वडिलांसाठी लास्तोच्काच घ्या, सामान एका बॅगेपुरतं असेल तर काहीच अडत नाही. तिकीट खिडकीवर रोखीनं काढा. भारतातलं कार्ड रेल्वेच्या साइटवर चालत नाही, त्यात वेळ घालवू नका. खिडकीवर बोलायची गरज नसते: गावाचं नाव रशियन लिपीत, तारीख, गाडीची वेळ आणि माणसं किती, एवढं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून तिघांच्या पासपोर्टांसह आत सरकवायचं. फोनवरचं भाषांतर दाखवण्यापेक्षा हे चटकन होतं, कारण काचेतून फोनचा पडदा धड वाचता येत नाही.

त्वेर स्टेशनच्या जवळच बसस्थानक आहे. तिथून तोरझोक साठेक किलोमीटर, बसला तास-सव्वा तास. तिकिटावर फलाटाचा क्रमांक असतो, तो बघून उभं राहा. बसच्या पाटीवर तोरझोक हे मधलं गाव म्हणूनही लिहिलेलं असू शकतं. उतरल्या उतरल्या परतीच्या बसच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. घोटाळा होतो तो इथेच. इंटरनेटवरच्या वेळा आठवड्याच्या वारानुसार बदलतात आणि रविवारी संध्याकाळच्या गाड्या आधीच भरतात, कारण त्वेरमध्ये शिकणारी मुलं त्याच वेळी परत निघतात. परतीचं तिकीट त्याच खिडकीवर लगेच काढलेलं बरं.

एका दिवसात का नको, ते आता हिशेबानं बघा. मॉस्कोतल्या हॉटेलातून आठला निघालात तरी तोरझोकला पोचायला साडेबारा-एक. संग्रहालयांची तिकीट खिडकी बंद व्हायच्या वेळेआधी अर्धा ते एक तास मिटते. परतीची बस पाचच्या आसपास धरायची. हातात उरतात चार तास, त्यातला एक जेवणात. म्हणजे जे बघायला आलात ते राहून जातं: दिवसाची माणसं घरी गेल्यावरचं गाव, नदीकाठ, आणि सकाळी उघडणारं भाजी-दह्याचं मार्केट.

राहण्याबद्दल नीट वाचा, लोक इथेच फसतात. छोट्या गावातली काही अतिथिगृहं परदेशी माणूस ठेवत नाहीत, कारण परदेशी पाहुण्याची नोंद सरकारी खात्याला कळवावी लागते आणि मालकाला ती कटकट नको असते. खोली राखून ठेवतात, पासपोर्ट बघितला की नाही म्हणतात. म्हणून आधीच निरोप पाठवून विचारा: आम्ही भारतीय नागरिक आहोत, आमची नोंद तुम्ही करता का, पैसे तिथे रोख दिले तर चालतील का. लेखी ‘हो’ आलं तरच पक्कं समजा. बुकिंगची नेहमीची मोठी परदेशी साइट २०२२ पासून रशियात चालत नाही. ओस्त्रोवोक किंवा यांदेक्स या रशियन साइटवर शोधा आणि ‘जागेवर पैसे’ हा पर्याय निवडा. काउंटरवर पासपोर्ट, व्हिसाची छापील प्रत आणि विमानतळावर मिळालेलं स्थलांतर कार्ड, तिन्ही द्यावं लागतं. ते कार्ड म्हणजे साधा कागदाचा कपटा दिसतो, म्हणून लोक पाकिटात कोंबतात आणि हरवतात. देशातून बाहेर पडेपर्यंत ते पासपोर्टातच हवं.

पैशाचं म्हणाल तर मार्च २०२२ पासून रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे बंद आहेत. दुकानात नाही, एटीएममध्ये नाही, हॉटेलातही नाही. सगळा प्रवास रोखीवर. आपल्याकडे बँकेतला माणूस सवयीनं सांगेल की परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात. ती मर्यादा बहुतेक देशांसाठी आहे, रशियासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमात सूट आहे. तुम्हाला तेवढे लागणारही नाहीत, पण कोणी अडवलं तर माहीत असावं. नोटा नव्या, न दुमडलेल्या, शाईचा ठिपकाही नसलेल्या घ्या. रशियन बँका मळकी नोट सरळ परत करतात. बदलायच्या त्या मॉस्कोतच बदला आणि थोड्या सुट्ट्या नोटा मागून घ्या. गावातल्या दुकानात सकाळी सकाळी पाच हजार रुबलची नोट पुढे केलीत तर समोरची बाई हैराण होते.

खाण्याची काळजी आयोजक लोक उगाच वाढवून सांगतात. शाकाहारी माणूस रशियन गावात उपाशी राहत नाही, फक्त सूप जपून घ्यायचं. बीटचा बोर्श असो की कोबीचा श्ची, वर मांसाचा तुकडा नसला तरी खाली रस्सा बहुधा हाडांचाच असतो. स्तोलोवाया, म्हणजे ताट घेऊन रांगेतून पुढे सरकायचं ते कँटीन, सगळ्यात सोयीचं, कारण पदार्थ समोर दिसतो आणि बोट दाखवता येतं. काय घ्यायचं: ग्रेच्का (कुट्टूच्या दाण्यांचा मोकळा भात), विनेग्रेत (बीट, बटाटा, लोणच्याची काकडी, तेल), पनीरसारख्या त्वोरोगच्या सिर्निकी नावाच्या टिक्क्या, त्यावर स्मेताना (घट्ट आंबट साय). बटाट्याचे वारेनिकी (सारण भरून उकडलेल्या करंज्या) घ्या, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकत नाहीत ना ते बघून. कोबी भरलेल्या पिरोझ्कीत (सारण भरलेले छोटे पाव) उकडलेलं अंडं असण्याची शक्यता मोठी. अंडं चालत नसेल तर बटाट्याची मागा. सिर्निकीच्या पिठातही अंडं असतं. ऑर्थोडॉक्स उपासाच्या दिवसांत, विशेषतः ईस्टरआधीच्या सात आठवड्यांत, बऱ्याच ठिकाणी ‘पोस्त्नोये’ अशी वेगळी यादी लागते. त्यात मांस, दूध, अंडं काहीच नसतं (मासे क्वचित असतात). आई-वडिलांसाठी याहून सोपं काही नाही. कॅंटीनमधल्या किंवा दुकानातल्या तयार सॅलडवर लिहिलेली किंमत पुष्कळदा शंभर ग्रॅमची असते, पूर्ण वाटीची नव्हे. आणि तोरझोकची प्रसिद्ध पोझार्स्की कटलेट कोंबडीच्या खिम्याची असते. वरचं पावाच्या तुकड्यांचं आवरण बटाट्यासारखं दिसतं म्हणून गफलत करू नका.

बघायचं काय? बोरिसोग्लेब्स्की मठ आधी नदीच्या पलीकडून बघा, मग आत जा. परंपरेनं त्याची स्थापना १०३८ ची मानतात. आजचं मुख्य देवालय मात्र निकोलाय ल्वोव या वास्तुकारानं केलेलं, त्याची पायाभरणी १७८५ मध्ये सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनच्या हातून झाली. बायकांनी डोक्यावर ओढणी, पुरुषांनी टोपी काढून. आईजवळ साधी ओढणी असली की पुरे. जुनं लाकडी स्तारो-वोझनेसेन्स्काया चर्च उंचावर आहे, चढ आहे, पावसानंतर निसरडा होतो. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर ते खालूनच बघावं, खालूनही त्याची एकावर एक चढत गेलेली अष्टकोनी रचना पूर्ण दिसते.

पण तोरझोकला जायचं खरं कारण माझ्या मते तिथलं सोन्याच्या धाग्याचं भरतकाम आहे, आणि त्याला सहलवाले जेमतेम वीस मिनिटं देतात. कामाची पद्धत समजून घ्या म्हणजे डोळे कुठे लावायचे ते कळेल. धातूचा धागा कापडातून आरपार जातच नाही. आरपार ओढला तर वरचं आवरण सोलवटतं, आणि अर्धा महागडा धागा उलट्या बाजूला वाया जातो. म्हणून तो वरच्या बाजूला अंथरतात आणि दुसऱ्या बारीक साध्या धाग्यानं ठराविक अंतरावर टाचत जातात. नक्षी उठून दिसायला हवी असेल तर खाली पुठ्ठ्याचा कापलेला आकार ठेवतात. त्या बारीक टाक्यांची जागा बदलली की सोन्यावर पडणाऱ्या उजेडाची नक्षी बदलते: कुठे चौकटी, कुठे नागमोडी. तुकडा हातात तिरका धरा, हळूच फिरवा, मग दिसतं. आपल्याकडे जरदोजी पाहिलेल्या बायकांना हे सांगावंही लागत नाही, त्या सरळ तुकडा उलटा करून बघतात. विकत घेताना तुम्हीही उलटा करा. हातकामात मागे फक्त साध्या धाग्याचे सुटे टाके दिसतात. मागे एकसारख्या दाट रेघा दिसल्या तर ते मशीनचं काम, त्याला हाताच्या कामाचा भाव देऊ नका. संग्रहालयं बहुधा सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात, शिवाय महिन्यातून एकदा साफसफाईचा दिवस असतो. तो दिवस आधी हॉटेलला विचारून घ्या, नाहीतर नेमका तोच लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी करून वासिल्योवोला जा. आजूबाजूच्या खेड्यांतून आणलेली लाकडी घरं आणि चर्च तिथे मांडली आहेत, आणि ल्वोवनंच बांधलेला मोठमोठ्या शिळांचा कमानी पूल आहे. टॅक्सी हॉटेलच्या काउंटरवरून ठरवा आणि तिला थांबवून ठेवायचे पैसे निघण्यापूर्वीच बोला. तिथून परतीची गाडी मिळवणं जिकिरीचं होतं.

परतताना त्वेरमध्ये दोन तास काढा. व्होल्गाच्या काठावर अफानासी निकितिनचा १९५५ सालचा पुतळा आहे. हा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरला पोचला, तिथे त्याचा घोडा सरदारानं काढून घेतला, पुढे बिदरला गेला आणि दाभोळहून परत निघाला. घरी पोचण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ वारला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. चौल-रेवदंड्याला शनिवार-रविवार जाणाऱ्या माणसानं रशियात जाऊन त्याचं गाव टाळावं, हे मला पटत नाही.

आमच्याकडचे एक सहल-आयोजक गेली कित्येक वर्षं हेच म्हणत आलेत: मॉस्को-पीटर्सबर्ग झालं की रशिया झाला, बाकी गावांत बघण्यासारखं काही नाही आणि साठीच्या माणसांना ते झेपत नाही. दोन्ही चूक. साठीच्या माणसांना झेपत नाही ते मेट्रोचे लांबलचक जिने आणि रोज सकाळी साडेसातला बस. तोरझोकमध्ये वर सांगितलेला चढ सोडला तर बहुतेक चालणं सपाटीवरचं, नदीकाठाला बाकं आहेत, आणि रस्ता चुकलात तरी नदी धरून परत येता येतं. बघण्यासारखं नाही म्हणणाऱ्यांना आधी विचारा, ते तिथे किती वेळ उतरले होते.

आता ज्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. युद्ध चालू आहे. त्वेर प्रांतावरही ड्रोन हल्ले झालेत, मॉस्कोचे विमानतळ अचानक काही तास बंद होतात. परतीचं विमान ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशी मॉस्कोत हजर राहा. तोरझोकला लष्करी हेलिकॉप्टरचा तळ आहे. आकाशात हेलिकॉप्टर दिसलं तर फोटो काढू नका, रेल्वेचे पूल आणि गणवेशातली माणसंही नकोत. कॅमेऱ्याचं ड्रोन घरीच ठेवा. मोबाइल इंटरनेट मध्येच बंद केलं जातं, आणि परदेशी सिमवर पोचल्यानंतर पहिले चोवीस तास ते मिळत नाही. स्थानिक सिमसाठी आता परदेशी माणसाला बायोमेट्रिक नोंदणी लागते, एवढ्याशा सहलीसाठी त्यात पडू नका. नकाशा आणि रशियन भाषेचा शब्दसंच भारतातूनच फोनमध्ये उतरवून घ्या, हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर ठेवा, व्हॉट्सॲप चालेलच असं धरू नका. आई-वडील वेगळे फिरणार असतील तर त्यांच्या खिशातही तोच कागद हवा.

जायला मेअखेर ते सप्टेंबर चांगलं. एप्रिलमध्ये बर्फ वितळून नदीकाठ चिखलानं भरतो. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, आणि छपरावरून बर्फाचे सुळे कोसळतात, म्हणून भिंतीला लागून चालू नका. १ ते ८ जानेवारी आणि ९ मेच्या आसपास सुट्ट्या असतात, तेव्हा तिकिटं आणि खोल्या दोन्ही बऱ्याच आधी बघा.