पुसता न येणारी रेघ

"मॅडम, हल्ली आतून काही येतच नाही." सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशन कक्षात हे वाक्य गेल्या पाच-सहा वर्षांत मी इतक्या वेळा ऐकले आहे, की समोरच्या व्यक्तीने पिशवीतून टॅब्लेट काढून मांडीवर ठेवला की ते आधीच कानात वाजू लागते. कोणी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते, कोणी लग्नपत्रिका करते, कोणी मोबाईल गेममधली पात्रे. परंतु सर्वांचे काम पडद्यावर, एकट्याने आणि बहुधा घरातल्या एकाच खोलीत चालते. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो : दुसऱ्यांबरोबर काम केले की नवे सुचते असे सगळे सांगतात, ते खरे आहे का? ते खरे आहे. मात्र लोक त्याचे जे कारण सांगतात ते मला पटत नाही. माझे उत्तर एका मुलीच्या हकिकतीतून, तिच्या संमतीने देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती 28 वर्षांची होती, पुण्या-बेंगळुरूच्या ग्राहकांसाठी घरूनच चित्रे करायची आणि कामाची तिला वाण नव्हती. स्वतःसाठी काढलेले चित्र मात्र आठ महिन्यांत एकही पूर्ण झाले नव्हते. तिने नवे ब्रश विकत घेतले होते, दोन ऑनलाइन कोर्स केले होते आणि रोज रात्री इतरांची चित्रे पाहण्यात तास-दोन तास घालवत होती. झोप, भूक, माणसांत मिसळणे हे सर्व मी प्रथम विचारून घेतले, कारण काही वेळा 'सुचत नाही' या तक्रारीच्या आड नैराश्य दडलेले असते. तिच्या बाबतीत तसे नव्हते. तेव्हा मी विचारले,

"तुझं चित्र शेवटचं कधी बिघडलं होतं?"

ती गोंधळली. "बिघडत नाही, मॅडम. दोन बोटं टेकवली की मागे जातं."

"किती मागे?"

"अडीचशे वेळा जाता येतं."

ती प्रोक्रिएट हे चित्रे काढायचे ॲप वापरत होती आणि त्यात 250 पावले मागे जाण्याची सोय खरोखरच आहे. तिला ती सोय वाटत होती. मला मात्र तिच्या अडचणीचा पहिला धागा तिथे दिसला. ज्या कागदावर कोणतीही रेघ कायम राहत नाही, त्या कागदावर आपल्याला अडवणारे काहीच नसते, आणि ज्याला कोणी अडवत नाही त्याला वळण घेण्याचे कारणही उरत नाही. ती दिवसभर स्वतःशीच बोलत होती आणि स्वतःचेच बोलणे खोडत होती.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट (1896–1971) मुलांशी पहिल्या भेटीत एक खेळ खेळत असत. ते डोळे मिटून कागदावर एक रेघोटी ओढत आणि मूल तिचे काहीतरी करून दाखवी. मग मुलाची रेघोटी आणि विनिकॉटांची पाळी. माझ्या कामावर ज्यांचा ठसा सर्वांत खोल आहे त्यांत मी त्यांचे नाव घेते, आणि हा खेळ मोठ्या माणसांशीही खेळते. पुढच्या भेटीची तारीख लिहायच्या कार्डाची कोरी बाजू मी तिच्यापुढे सरकवली आणि बॉलपेनने एक वेडीवाकडी रेघ ओढली. माझी चित्रकला चौथीच्या पुढे गेलेली नाही. या खेळात तेच कामी येते.

तिने पेन उचलले, ठेवले आणि विचारले, "खोडरबर आहे का?"

"बॉलपेन आहे."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने कार्ड उलटे फिरवले, आणि माझ्या त्या रेघेची कुंपणाच्या तारेत मान अडकलेली शेळी झाली. शेळीच्या चेहऱ्यावर असा काही त्रागा उतरला होता की आम्ही दोघीही मोठ्याने हसलो. "ही शेळी मला कधी सुचलीच नसती," ती म्हणाली. "सुचली नाहीच," मी म्हणाले, "तुला ती सापडली."

त्यानंतर माझी एक चूक झाली, ती लपवीत नाही. कोणाबरोबर तरी एक चित्र कर, एवढेच मी मोघमपणे सांगितले. तिने पुण्यातल्या एका चित्रकार मैत्रिणीला निवडले. दोघींची शैली सारखी, दोघी एकमेकींच्या चाहत्या. दोघी आपापल्या लेअरवर, म्हणजे चित्रातल्या हवा तेव्हा लपवता येणाऱ्या वेगळ्या थरावर, काढत होत्या. तीन आठवडे फाईल इकडून तिकडे जात राहिली आणि निघाले ते गोड, नीटस, कोणाचेच नसलेले चित्र. "खरं सांगू का?" ती म्हणाली, "तिचा लेअर मी बंद करून पाहिला, आणि बंदच ठेवला." दोघींनी एकमेकींचा मान राखला होता, रेघ कोणीच ओढली नव्हती.

वाट सापडली ती योगायोगाने, मिरजेत. तिची मावसबहीण गाणे शिकते. तिच्या तंबोऱ्याचे काम पाहायला ही सोबत गेली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी आपल्याकडे सर्वांनी वाचली. पण तंबोऱ्याची दांडी भोपळ्याला मिळते तिथे कोरलेली लाकडी पाने बसवतात, त्यांच्याकडे फारसे कोणी निरखून पाहत नाही. तिने पाहिले, आणि त्या वयस्कर कारागिरांना विचारले, "चाचा, मी नवी पानं काढून देऊ का?" ते म्हणाले, "दे की."

पुढच्या भेटीला ती कापडी पिशवीत फुटक्या भोपळ्याचा एक तुकडा घेऊन आली. त्या तासाभरात मी फार थोडे बोलले. टॅब्लेटवर काढलेली पाने तिने छापून नेली होती. कागद भोपळ्यावर ठेवताच कडांना चुण्या पडल्या, कारण सपाट कागद गोलाव्यावर बसत नाही. तेव्हा चाचांनी कात्रीने कागदाला पाकळ्यांसारख्या चिरा दिल्या आणि त्यांत तिचे सर्वांत लाडके पान मधोमध कापले गेले. मग त्यांनी तिच्या एका निमुळत्या टोकावर शिसपेन्सिलने फुली मारली. "हे कागदावर छान आहे, बेटा. इथं लाकडाची रेघ आडवी जाते. टोक चार दिवस टिकायचं नाही."

"मग मी काय केलं माहितीये, मॅडम? टोक आत वळवलं. पान मिटल्यासारखं." तिने तुकडा माझ्या हातात दिला. त्यावर तिच्या रेघा होत्या, त्यांवर चाचांच्या जाड रेघा होत्या, आणि मध्ये एका जागी पॉलिशपेपरने घासून काढलेला फिकट डाग होता. "हे त्यांनी घासलं. मला मागे जाताच येईना. इतका राग आला! आणि घरी जाऊन रात्री दोनपर्यंत मी तेवढंच एक पान काढत बसले."

दोन माणसांच्या कल्पनांची बेरीज होते म्हणून सहकार्याने स्फूर्ती येते, असे सहसा सांगितले जाते. माझ्या अनुभवात तसे घडत नाही. दुसऱ्याची रेघ आपल्याला पुसता येत नाही, तिला वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशातच नवे काही हाती लागते. आपल्या सांगलीला हे परके वाटू नये. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी येथे 'सीतास्वयंवर' उभे केले तेव्हा पदे त्यांची होती आणि सूत्रधार ती गात असे, पण पात्रांचे गद्य संवाद नटांनी रंगमंचावर आयत्या वेळी बोलायचे असत.

हे ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी जोडीदार आपल्यासारखा शोधू नये. ज्याच्या 'नाही'मागे त्याच्या हातातल्या वस्तूचे कारण आहे, असा माणूस पाहावा : लाकूड कोरणारा, साडी विणणारा, फलक रंगवणारा, गाणारा. जोडीदारही पडद्यावरच काम करणारा असेल, तर फाईल लेअरसह पाठवू नये. सर्व लेअर एकत्र करून सपाट प्रतिमा पाठवावी आणि तशीच परत मागावी, म्हणजे कोणाचाही भाग गुपचूप बंद करण्याचा मोह राहत नाही. पहिले काम एका आठवड्याचे आणि तळहाताएवढे असावे. प्रशंसा शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवावी, कारण लवकर केलेली प्रशंसा माणसाला भिडस्त करते.

नाव आणि पैसे यांचे बोलणे मात्र पहिल्या रेघेआधी, शक्यतो लिहून व्हावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार दोघांचे काम वेगळे काढून दाखवता येत नसेल, तर ती कलाकृती संयुक्त कर्तृत्वाची ठरते. मैत्रीत हे विचारणे अनेकांना अवघड वाटते आणि मग तीच मैत्री वर्षभराने माझ्या कक्षात तक्रार होऊन येते. शिवाय उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, झोप उडाली असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर जोडीदार शोधत बसू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा टेलि-मानसच्या 14416 या शासकीय विनामूल्य क्रमांकावर बोलावे.

त्या मुलीने भोपळ्याच्या तुकड्याचे छायाचित्र काढून फाईलच्या सर्वांत खालच्या लेअरवर ठेवले आणि तो लेअर लॉक केला. घासलेला डाग आहे तिथेच ठेवून तिने चार महिन्यांत सहा चित्रे पूर्ण केली. शेवटच्या भेटीत तिने तोच प्रश्न विचारला, जो या टप्प्यावर बहुतेक सर्व जण विचारतात : अशाने माझी स्वतःची शैली पुसली जाणार नाही का? मी तिला सहाही चित्रे छापून मिरजेला न्यायला सांगितली. चाचांनी ती फळीवर ओळीने मांडली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "किती तासलं तरी तुझं पान डावीकडंच कलतंय."