रिपोर्ट कपाटात, उपास मात्र बायकोला

“ताई, मी ३१ वर्षांचा. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. मी गुपचूप वीर्य तपासून घेतलं तर शुक्राणू शून्य. दीड वर्षापासून जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतोय. रिपोर्ट कपाटात लपवलाय. आई बायकोला उपास करायला लावते. मी आता पुरुष उरलो नाही का?”

असं कसं म्हणता? पुरुषपण शुक्राणूंच्या आकड्यावर ठरत नाही. संबंध व्यवस्थित येत असतानाही शुक्राणू शून्य असू शकतात, कारण वीर्यातला बहुतेक भाग दुसऱ्या ग्रंथींमधून येणारा द्रव असतो. नुसतं बघून कुणालाच काही कळत नाही.

इंजेक्शनांचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मला सगळ्यात जास्त संशय त्यांचाच आहे. शुक्राणू तयार करण्याचा हुकूम अंडकोषांना मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून मिळतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, आलं की ही ग्रंथी समजते, आता पुरेसं आहे, आणि हुकूम देणं थांबवते. दंडाचे स्नायू भरतात, पण अंडकोषातलं काम बंद पडतं. ही इंजेक्शनं ताकदीची म्हणून देणाऱ्या ट्रेनरनी हे सांगायला हवं होतं, याचा मला मनापासून राग येतो.

इंजेक्शनं थांबवल्यावर बऱ्याच जणांचे शुक्राणू परत येतात. मात्र एक शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे सुधारणेला काही महिने, कधी वर्षाहून जास्त काळ जातो. मनाने बंद करू नका. एकदम बंद केली की अंगातली शक्ती गेल्यासारखं वाटतं, मन खचतं. युरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्ट, म्हणजे पुरुषांच्या या तक्रारी बघणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनाचं नाव, डोस, किती दिवस घेतलं, सगळं खरं सांगा. शुक्राणू परत आणण्यासाठी वेगळी औषधं असतात, ती तेच ठरवतील.

एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. दोन ते सात दिवस वीर्यस्खलन न होऊ देता तपासणी पुन्हा करा. डॉक्टर रक्तातले हार्मोन बघतील, अंडकोषही तपासतील. इंजेक्शनांशिवायही कारणं असतात: वीर्यवाहक नळी बंद असणं, गुणसूत्रांतला दोष, वयात आल्यावर झालेला गालगुंड, लहानपणी अंडकोष खाली न उतरणं. शेवटच्या दोन गोष्टी आईला विचारून घ्या. अंडकोषाच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, हे तर शंभरातल्या साधारण १५ पुरुषांत सापडतं आणि मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्यांत ३५ ते ४०. त्यात बहुधा शुक्राणू कमी होतात, एकदम शून्य क्वचितच. तंबाखू, गुटखा असेल तर आजच सोडा.

आता बायकोचं. गर्भाशयाच्या नळ्यांची तपासणी दुखते हो. ती तिने सोसली, उपासही सोसतेय, आणि उत्तर तुमच्या कपाटात आहे. आज रात्रीच तिला सांगा. रिपोर्ट हातात द्या आणि ती रागावली, रडली तर ऐकून घ्या. तो तिचा हक्क आहे. आईशी मात्र तुम्हीच बोला, तिला पुढे करू नका. “तपासणीत कमी माझ्यात निघाली आहे, उपचार माझे चालू होतील, तिचे उपास आजपासून बंद,” एवढं पुरे. तपशील सांगायचे की नाही, ते दोघांनी मिळून ठरवा.

डॉक्टरांकडे जाताना तिला बरोबर न्या. तिचेही प्रश्न असतील, ते तिलाच विचारू द्या.