वाचकांचे प्रश्न : सरावात जमते, लढतीत का जमत नाही?

प्रश्न : माझे वय ३६ आहे. दीड वर्षापूर्वी मी ज्युडो शिकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून शक्यतो वर्ग चुकवलेला नाही. जोडीदार स्थिर उभा असेल तर इप्पोन सेओई नागे, म्हणजे पाठीवरून फेकण्याचा डाव, मला बऱ्यापैकी जमतो. पण रांदोरी, म्हणजे मुक्त लढत, सुरू झाली की तो लागतच नाही. माझ्यानंतर आलेली विशीतली मुले मला सहज पाडतात. मग स्वतःचाच इतका राग येतो की उरलेला वेळ मी कोणाशी धड बोलत नाही, आणि घरी गेल्यावरही तेच डोक्यात घोळत राहते. पुढच्या महिन्यात पट्ट्याची परीक्षा आहे. ही चिडचिड कशी आवरावी, आणि अशा मनःस्थितीत परीक्षा द्यावी की पुढे ढकलावी?

उत्तर : ‘मनाला लावून घेऊ नका’ हा सल्ला तुम्हाला एव्हाना अनेकांनी दिला असेल आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नसेल. तुमची अपेक्षा अवास्तव आहे असे मला वाटत नाही. मात्र समोरच्याला पाडता आले तरच प्रगती झाली, असे तुम्ही ठरवून टाकले आहे, आणि तो पडतो की नाही हे निम्मे त्याच्या हातात असते. तोही शिकतोच आहे; शिवाय रोज तुमच्याशी लढणाऱ्याला तुमचा आवडता डाव कोणता, हे एव्हाना पाठ झालेले असणार.

स्थिर जोडीदारावर केलेला डाव आणि लढतीतला डाव यांचे नाव एक असले, तरी ती दोन वेगळी कामे आहेत. सरावात जोडीदार आपला तोल तुम्हाला देऊन टाकतो. लढतीत तो तुम्हाला काढून घ्यावा लागतो. पकड घेतल्यावर त्याला पुढे खेचण्याआधीच तुम्ही वळलात, तर त्याचे वजन टाचांवरच राहते, तुमची कंबर त्याच्या पट्ट्याच्या वरच अडकते आणि मग कितीही जोर लावला तरी तुम्हीच मागे ओढल्या जाता. बाहेरून पाहणाऱ्याला हे ‘डाव फसला’ एवढेच दिसते. प्रत्यक्षात डाव येतो आहे, तोल मोडणे अजून येत नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणे याच टप्प्याची वाटतात.

अशा टप्प्याची नोंद फार जुनी आहे. ब्रायन आणि हार्टर या अमेरिकी संशोधकांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारयंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संदेश ऐकून घेण्याचा वेग काही काळ वाढतच नव्हता, आणि शिकणारा सुटी अक्षरे ऐकण्याऐवजी सबंध शब्द ऐकू लागला की तो पुन्हा वाढत असे, असे त्यांना आढळले. प्रत्येकाच्या वाट्याला असा सपाट काळ येतोच, हे त्यांचे म्हणणे पुढे सर्वांनी मान्य केले नाही, हेही सांगायला हवे. पण पकड, खेच, वळण आणि कंबर या चार सुट्या गोष्टींची एकच हालचाल होईपर्यंत तुम्हाला ‘काहीच पुढे सरकत नाही’ असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यातच शिक्षक एका तासात तीन डाव आलटून पालटून करून घेत असतील, तर तो तास आणखीच वाईट गेल्यासारखा वाटेल. शे आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात हालचालींचा मिसळून सराव करणारे लोक सरावाच्या वेळी मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत तेच सरस ठरले. म्हणून एखाद्या संध्याकाळच्या अनुभवावरून स्वतःविषयी निकाल देणे मला धोक्याचे वाटते.

आता रागाविषयी. राग आला की आपण नकळत श्वास रोखतो आणि हात ताठ करतो. ताठ हाताला धरून माणसाला हलवणे सोपे असते, त्यामुळे चिडलेला खेळाडू अधिक वेळा पडतो आणि अधिक चिडतो. यावर उपदेशापेक्षा काम दिलेले बरे. प्रत्येक लढतीपूर्वी एकच गोष्ट ठरवा, आणि ती तुमच्या हातातली असू द्या : आज पहिली पकड माझी असेल, किंवा वळण्याआधी प्रत्येक वेळी खेच दिसली पाहिजे. मग तुम्ही कितीदा पडलात हे मोजूच नका. पडल्यावर उठताना एक पूर्ण श्वास सोडा आणि मगच पुन्हा पकड घ्या. शिक्षकांनाही ‘मला का जमत नाही?’ असे विचारू नका, कारण त्याला ‘सराव करा’ यापलीकडे उत्तर नसते. ‘मी वळते तेव्हा त्याचे वजन कुठे असते, एवढे पाहाल का?’ असे विचारा. विशीतल्या मुलांशी तुलना मात्र सोडून द्या; त्यांची दमछाक कमी होते आणि ती लवकर सावरतात, याचा तुमच्या तंत्राशी संबंध नाही.

एका बाबतीत मात्र सवलत नाही. रागाच्या भरात जोडीदाराने हार मान्य करून हात आपटल्यावरही पकड सुटत नसेल, तर त्या दिवशी लढत थांबवून बाजूला बसावे. चिडचिड वर्गापुरती न राहता झोप आणि घरातले संबंध बिघडवू लागली, तर समुपदेशकाशी बोलण्यात कमीपणा मानू नका.

परीक्षा द्या, जर शिक्षकांनी तुम्हाला तयार मानले असेल तर. ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेला डावांचा अभ्यास, आणि रांदोरी ही सरावाची दोन वेगळी अंगे आहेत. खालच्या पट्ट्यांच्या परीक्षेत बहुधा सहकार्य करणाऱ्या जोडीदारावर तंत्र दाखवायचे असते, आणि ते तुम्हाला जमते असे तुम्हीच लिहिले आहे. तुमच्याकडे लढतीलाही गुण असतात का, एवढे आधी विचारून घ्या. असले, तर पुढच्या महिन्याभरात नवा डाव हाती न घेता फक्त पकड आणि खेच यांवर वेळ घाला.