नाणं टांकसाळीत चुकलं की नंतर बिघडलं?

शिवराईवर (शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर) ‘श्री राजा शिव’ पूर्ण उमटलं नाही म्हणून तिला ‘एरर’, म्हणजे टांकसाळीत चुकलेलं नाणं, समजू नका. ही नाणी हातानं ठोकली जात. ठसा बहुधा चकतीपेक्षा, म्हणजे धातूच्या कोऱ्या तुकड्यापेक्षा, मोठा असे, त्यामुळे अक्षरं कापली जाणं नेहमीचंच. सुरुवात यंत्रावर पाडलेल्या नाण्यांपासून करा. साधं भिंग आणि बारीक वजनकाटा पुरे.

दर वेळी एकच विचारायचं: हे ठसा पडताना झालं की नंतर? नंतरच्या ओरखड्यात धातू सरकून कडेला उंचवटा येतो. कड चंद्रकोरीसारखी कापलेली दिसली तर तिच्या बरोबर समोरची किनार पाहा. ती पुसट, दबलेली असेल तर चकतीच मुळात कापलेली असण्याची शक्यता बरीच. ठसठशीत असेल तर बहुधा कुणीतरी कानस चालवलीय. ही खूण मला सगळ्यांत उपयोगी वाटते.

नवखे हमखास फसतात ते इथे:
- चांदीच्या रुपयावर सराफांनी पारखताना मारलेले ठसे
- दागिन्याची कडी काढल्यावर उरलेला डाकाचा डाग
- १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा. भोक मुळातलंच आहे. ते मधोमध नसेल तरच थांबून बघा.

आणि कृपा करून चिंचेनं घासू नका, पुरावाच निघून जातो. दुहेरी ठशांचं नंतर बघू. आधी पन्नास साधी नाणी भिंगाखाली घाला.