वैद्यकीय प्रवेश : पसंतीक्रम भरण्यापूर्वी

प्रश्न : माझ्या मुलीला राज्य कोट्याच्या पहिल्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीत पुण्याजवळच्या एका जुन्या खासगी महाविद्यालयात एमबीबीएसची जागा मिळाली आहे. शिक्षण शुल्क वर्षाला साडेनऊ लाख रुपये असून वसतिगृह व मेस यांचा खर्च वेगळा आहे. गेल्या वर्षीचे कटऑफ पाहता दुसऱ्या फेरीत तिला मराठवाड्यातील एका नव्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळेल असे वाटते. तेथील शुल्क दीड लाखाच्या आसपास आहे, मात्र महाविद्यालयाची स्वतःची इमारत अजून व्हायची आहे आणि पहिली तुकडीही बाहेर पडलेली नाही. मुलीचा ओढा पुण्याकडे आहे, आणि माझे दीर म्हणतात की नव्या कॉलेजच्या डिग्रीला पुढे कोणी विचारत नाही. आम्ही दोघे नोकरी करतो, उत्पन्न आठ लाखांच्या वर आहे आणि आम्ही कोणत्याही आरक्षणात बसत नाही. स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून मिळालेली जागा पक्की करावी, की दुसऱ्या फेरीत उतरावे?
– एक आई, बार्शी
(महाविद्यालयांची नावे आम्ही वगळली आहेत. – संपादक)

उत्तर : आपण अगदी योग्य वेळी पत्र लिहिले, कारण दोन जागा हातात घेऊन निवांतपणे तुलना करण्याची सोय आपल्या प्रवेशपद्धतीत नाही. फॉर्म भरला की मुलगी पुढील फेऱ्यांतून बाहेर पडते. न भरता दुसऱ्या फेरीत वरच्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर आधीची जागा आपोआप रद्द होते, आणि काहीच न मिळाल्यास पहिली जागा कायम राहते. म्हणजे खरी निवड जागा मिळाल्यावर होत नसून पसंतीक्रम भरतानाच होते. जे महाविद्यालय मिळाले तर मन खट्टू होईल, ते हातातल्या जागेच्या वर लिहूच नये. बारीकसारीक नियम दरवर्षी बदलतात, म्हणून सीईटी सेलची, म्हणजे हे प्रवेश करणाऱ्या राज्याच्या कक्षाची, यंदाची माहितीपुस्तिका आपण स्वतः वाचावी. एजंटाच्या किंवा क्लासच्या सांगण्यावर विसंबू नये.

दिरांच्या शंकेचे निरसन सोपे आहे. स्वतःच पदवी देणारी अभिमत विद्यापीठे सोडली तर राज्यातील खासगी आणि शासकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात, परीक्षा एकच असते आणि पदवीही तेच विद्यापीठ देते. नव्या महाविद्यालयाला सुरुवातीला परवानगी असते व पूर्ण मान्यता पहिली तुकडी अंतिम परीक्षेला बसते त्या सुमारास मिळते, हे खरे आहे. तेव्हा त्याचे नाव आणि जागांची संख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या यादीत पाहून घ्यावी. उसन्या इमारतीचीही फार धास्ती नको. नागपूरच्या एम्सची पहिली तुकडी २०१८ मध्ये तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच शिकू लागली होती.

आता पैशांचा विचार करू. साडेचार वर्षांचे शिक्षण शुल्कच पावणेत्रेचाळीस लाखांच्या घरात जाते. त्यापैकी ४० लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता सुमारे ५३ हजार रुपये येतो, आणि शिक्षण चालू असताना साचलेले व्याज त्यात धरलेले नाही. हा हप्ता नेमका तिच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या धडपडीच्या वर्षांत सुरू होईल, जेव्हा डॉक्टर मुले बहुधा नोकरी सोडून अभ्यासाला बसलेली असतात. (आपल्याला लागू नसले तरी इतर वाचकांसाठी सांगतो : आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कॅपमधून मिळालेल्या खासगी जागेवरही शिक्षण शुल्कात पूर्ण माफी आहे, अभिमत विद्यापीठे आणि संस्थास्तरावरील प्रवेश त्यात येत नाहीत. अशा घराचे गणित पुष्कळ वेगळे होते.)

तरीही केवळ पैशांकडे पाहून ठरवा असे मी म्हणणार नाही. वैद्यकीय शिक्षण अखेर रुग्णाच्या खाटेपाशी होते, त्यामुळे रुग्णालय पाहिल्याशिवाय महाविद्यालय पाहिले असे म्हणता येत नाही. पालक मुलांबरोबर येतात तेव्हा वसतिगृहाची खोली, मेसचे ताट आणि वाचनालयातील वातानुकूलन पाहून समाधानाने परततात. वॉर्डात डोकावलेले पालक मी माझ्या सगळ्या नोकरीत बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. आपण मुलीला घेऊन दोन्ही ठिकाणी सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास जा आणि केसपेपरच्या खिडकीजवळ अर्धा तास उभे राहा. त्या दिवशीच्या कागदावर नोंदणीचा आकडा कितीवर गेला आहे, रांगेतील माणसे आजूबाजूच्या तालुक्यांतून आली आहेत की शिबिराच्या गाडीतून उतरवलेली आहेत, हे ध्यानात येते. तेथून मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डात चक्कर मारा. आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे रुग्णालय लागते. खाटा कागदावर असतातच, प्रश्न त्यांवर माणसे किती आहेत याचा असतो. पांढऱ्याशुभ्र, घडी न मोडलेल्या चादरींची रांग दिसली तर ती टापटिपीची खूण समजू नये.

मग एखाद्या इंटर्नला, म्हणजे अंतिम परीक्षेनंतर रुग्णालयात वर्षभर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला, गाठा. नव्या महाविद्यालयात इंटर्न अजून नसतील, तर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा जुन्या परिचारिकेला विचारा. लेबर रूममध्ये दिवसाला किती बाळंतपणे होतात, रात्री कॅज्युल्टीत टाके कोण घालते, सर्पदंश आणि विषबाधेचे रुग्ण येथेच ठेवतात की मोठ्या शहरात पाठवतात, ही तीन उत्तरे पुरेशी बोलकी असतात. प्रत्येक रुग्णाला ‘पुढे न्या’ म्हणणाऱ्या रुग्णालयात विद्यार्थी चिठ्ठी लिहायला तेवढा शिकतो. आपण लिहिता ते महाविद्यालय चालत्या जिल्हा रुग्णालयाला जोडलेले असेल, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या दहा शासकीय महाविद्यालयांपैकी बहुतेकांची मांडणी अशीच आहे, तर रुग्णांची वानवा नसावी. खासगी रुग्णालयात अनेकदा उपकरणे उत्तम असतात, परंतु पैसे मोजून आलेला रुग्ण आठ विद्यार्थ्यांना एकामागून एक पोट तपासू देत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

नव्या महाविद्यालयाची खरी उणीव निराळीच आहे, आणि ती आपल्याला कोणी सांगितली नसेल. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी, म्हणजे निवासी डॉक्टर नसतात. जुन्या महाविद्यालयात रात्री दोन वाजता शीर सापडत नसते तेव्हा शिकवायला प्राध्यापक येत नाहीत, दोन वर्षांनी मोठा असलेला निवासी डॉक्टर येतो; चहा पिता पिता ईसीजी तोच समजावतो. ही शाळा नव्या ठिकाणी नसते. उलट बाजू अशी की हात चालवण्याची संधी हिरावून घेणाराही कोणी नसतो, त्यामुळे उत्साही मुलगी सहायक प्राध्यापकाच्या मागे लागून इंटर्नशिपच्या वर्षात जेवढे करील, तेवढे मोठ्या शहरातील तिच्या मैत्रिणीला नुसते बघायला मिळेल. भिडस्त मुलीचे मात्र तेथे नुकसान होते. आपली मुलगी यांपैकी कोणती, हे आपल्याला ठाऊक आहे.

शिक्षकांच्या रिक्त पदांची चौकशी अवश्य करावी, आणि ती जुन्या ठिकाणीही करावी. मी स्वतः शिकलो त्या महाविद्यालयात औषधशास्त्राला जवळजवळ वर्षभर प्राध्यापक नव्हते आणि आम्ही एका वरिष्ठाच्या झेरॉक्स काढलेल्या वह्यांवर विद्यापीठाची परीक्षा दिली. पहिल्या वर्षासाठी शरीररचनाशास्त्राचे डिसेक्शन हॉल पाहावे आणि एका शवाभोवती किती विद्यार्थी उभे राहतात ते विचारावे. देहदानाची परंपरा रुजलेल्या जिल्ह्यात हे चित्र बरे असते.

मुलीला वाटणाऱ्या पुण्याच्या ओढीविषयी एवढेच सांगतो की गावातील महाविद्यालय म्हणजे दुय्यम, हे समीकरण महाराष्ट्राने कधीच खोटे ठरवले आहे. १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी सेवाग्रामला सुरू केलेल्या महाविद्यालयात जागा मिळावी म्हणून आजही मुले झुरतात, आणि अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावी शिकलेले डॉक्टर साऱ्या मराठवाड्याची ओपीडी चालवत आहेत.

माझा सल्ला स्पष्ट आहे : रिटेन्शनचा फॉर्म भरू नये. दुसऱ्या फेरीत आधी जुनी शासकीय महाविद्यालये, दूर असली तरी, आणि त्यांच्या खाली ते नवे शासकीय महाविद्यालय लिहावे. रुग्णालय प्रत्यक्ष पाहून आल्यावर ते ओस आढळले, तर त्याचे नाव गाळावे आणि खासगी जागा राखावी. तेवढ्या एका कारणासाठी कर्ज समर्थनीय ठरेल. शासकीय जागेबरोबर एमबीबीएसनंतर एक वर्षाच्या शासकीय सेवेचा बाँड येतो, त्याची कल्पना मुलीला आजच द्यावी.

प्रश्न : सर, मला अखिल भारतीय फेरीत नागपूरचे एम्स आणि राज्याच्या फेरीत मुंबईचे केईएम मिळाले आहे. पुढे सर्जन व्हायचे आहे. कोणते घेऊ?
– एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : अशी अडचण आलेल्या मुलाचे आधी अभिनंदन. एम्समध्ये तुकडी लहान, आवार नवे, शुल्क नाममात्र, आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या आयएनआय-सीईटी परीक्षेत स्वतःच्या पदवीधरांना संस्था काही प्राधान्य देते, हा लाभ हलका नाही. केईएम १९२६ पासून परळला उभे आहे. अठराशेच्या वर खाटा, आणि शहराच्या गल्लीबोळांपासून कोकणातल्या तुझ्या शेजाऱ्यांपर्यंत सगळे तेथेच येतात. वसतिगृहात दाटी असेल, तुकडी मोठी असल्यामुळे नावाने ओळखणारे शिक्षक थोडे भेटतील, आणि तू स्वतः पुढे सरसावला नाहीस तर साडेचार वर्षे मागच्या रांगेत सहज निघून जातील. सर्जन होणाऱ्याने एवढी गर्दी तरुणपणीच अंगावर घ्यावी असे मला वाटते, म्हणून माझे मत केईएमकडे झुकते. घोळक्यात तुझा जीव गुदमरत असेल तर निःशंक नागपूरला जा.

जे ठरवशील ते लवकर ठरव. मूळ कागदपत्रे एका वेळी एकाच महाविद्यालयात जमा राहतात आणि दोन्ही प्रक्रियांत जागा सोडण्याची मुदत वेगवेगळी असते. एम्सचा प्रवेश रीतसर रद्द केल्याचे पत्र हातात आल्यावरच परळची गाडी पकड.